बारीक आहेस, तुला काय होतंय?

मे महिन्यात आमच्या कुडपणला चाकरमानी आले की पहिल्या तासाभरात प्रत्येकाचं वजन होतं. काटा लागत नाही, नजर पुरते. "काय रं, लय सुटलास की! मुंबईचं पाणी मानवलं वाटतं." नाहीतर, "पोरी, हाडं दिसायला लागली, खायला देतात का न्हाय तिथं?" सगळे हसतात, आपणही हसतो. ज्याला बोललं गेलं, तो मात्र जेवताना ताटातला भात हळूच कमी करतो.

पोलादपूर तालुक्यातलं हे डोंगरावरचं गाव. बाहेरच्या लोकांना भीमाची काठी आणि पावसाळ्यातले धबधबे माहीत असतात, इतिहासवाल्यांना शेलारमामांचं गाव म्हणून. आम्हाला ते उताराचं गाव म्हणून माहीत. कुठंही जायचं तर चढ नाहीतर उतार. आमच्या आजीच्या पिढीनं डोक्यावर भारे घेऊन हेच चढउतार केले. जाड माणूस गावात शोधूनही सापडत नसे.

आमचे एक काका याच मातीतले. विशीत मुंबईला गेले, गिरगावात एका दुकानात लागले. अंगानं काडी. लग्नातली पँट पन्नाशीतही कमरेला बसायची, आणि हे ते अभिमानानं सांगायचे. पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात गेले, तर साखर तीनशेच्या वर. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "अहो, पण ते तर बारीक आहेत!"

मला आज त्या "पण"विषयी बोलायचंय. कारण या एका शब्दामुळे आपल्याकडे दोन प्रकारच्या माणसांवर अन्याय होतो. जाड माणूस आळशी ठरतो आणि बारीक माणूस निरोगी. दोन्ही निकाल आपण नजरेनं लावतो, आणि दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता मोठी असते.

चरबी भरते कशात?

आपल्याला वाटतं, जास्त खाल्लं की चरबी अंगावर चिकटते, भिंतीला चुना लागतो तशी. प्रत्यक्षात चरबी साठते ती पेशींमध्ये. या चरबीपेशी आकाशातून पडत नाहीत, तयार व्हाव्या लागतात. आपल्या शरीरात काही मूळ पेशी असतात, ज्यांनी अजून "मी मोठेपणी कोण होणार" हे ठरवलेलं नसतं. त्यांच्यातून हाडाची पेशी होऊ शकते, कूर्चेची होऊ शकते, चरबीचीही होऊ शकते. मग ठरवतं कोण?

हे समजायला आमच्या डोंगरातली भाताची खाचरं डोळ्यांसमोर आणा. पायऱ्यापायऱ्यांची. वरून पाणी येतं ते सगळ्यांसाठी एकच. पण कुठल्या खाचरात किती जाईल, ते बांधाचं तोंड उघडणाऱ्या माणसाच्या हातात असतं. तो फावड्यानं एक तोंड उघडतो, दुसरं मातीनं बंद करतो. पाणी तेच, पण एक खाचर भरतं आणि शेजारचं कोरडं राहतं.

शरीराचंही तसंच आहे. तुमच्या डोळ्याच्या पेशीत, हाडाच्या पेशीत आणि पोटावरच्या चरबीच्या पेशीत जनुकं तीच असतात. फरक पडतो तो कुठली चालू आणि कुठली बंद यानं. हे चालू-बंद करणारी काही प्रथिनं असतात. ती थेट डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि तिथलं जनुक वाचायला लावतात किंवा वाचू देत नाहीत. शास्त्रज्ञ त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आपण त्यांना बांधावरचा माणूस म्हणू.

चरबीपेशीच्या बांधावर असलेल्या मुख्य माणसाचं नाव पीपार-गॅमा. १९९४ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ज्या पेशींचा चरबीशी काही संबंध नव्हता, अशा साध्या जोडऊतींच्या पेशींत त्यांनी हे प्रथिन घातलं आणि त्याला जागं करणारं रसायन दिलं. त्या पेशी चक्क चरबीपेशी झाल्या. आत तेलाचे थेंब दिसायला लागले!

अर्थात पीपार-गॅमा एकटं काम करत नाही. आधी सी-ईबीपी घराण्यातली दोन प्रथिनं, बीटा आणि डेल्टा, येऊन जमीन तयार करतात. मग पीपार-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा ही जोडी कामाला लागते. ही जोडी एकमेकांना चालू ठेवते. याने त्याला उठवायचं, त्याने याला. म्हणून एकदा पेशी चरबीच्या वाटेला लागली की सहसा मागे फिरत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. उंदराच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चरबीपेशी बनवण्याची पद्धत १९७० च्या दशकात हॉवर्ड ग्रीन यांच्या कामातून आली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरतात. पेशींना ज्या गोष्टी देतात त्यांत दोन मुख्य असतात. एक इन्शुलिन. दुसरं, ताणात आपल्या शरीरात वाढणाऱ्या कॉर्टिसॉलच्याच जातीचं एक स्टिरॉइड. म्हणजे बांधावरचा माणूस बहिरा नाही. शरीरात काय चाललंय, हे त्याला ऐकू जातं.

चरबीपेशी शत्रू नाहीत

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग हे पीपार-गॅमाच बंद करून टाकू की! संपला विषय.

थांबा. काही माणसांमध्ये जन्मतःच हे प्रथिन नीट काम करत नाही. १९९९ साली अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना इन्शुलिन दाद देत नव्हतं, तरुण वयात मधुमेह झाला होता, रक्तदाबही वाढलेला होता. चरबीपेशी नीट बनल्या नाहीत तर माणूस ठणठणीत होत नाही, उलट आजारी पडतो.

कारण चरबीपेशी हे शरीराचं कोठार आहे. कातडीखालचं कोठार मोठं आणि नीट असेल, तर जादा तेल तिथं सुरक्षित पडून राहतं. कोठार लहान असेल किंवा भरून गेलं असेल, तर ते तेल यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन बसतं, जिथं त्याची जागा नाही. साखरेचा खेळ तिथं बिघडतो.

पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीचं काम याच तत्त्वावर चालतं. ती पीपार-गॅमाला जागं करते. नव्या चरबीपेशी बनतात, तेल यकृतातून निघून कातडीखाली जातं, साखर उतरते आणि वजन मात्र वाढतं. वजन वाढलं आणि साखर सुधारली, हे आपल्या नजरेच्या काट्यात बसतं का? या गोळीचे धोकेही आहेत. २०१३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं तिची विक्री थांबवली होती आणि महिन्या-दीड महिन्यात इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा परवानगी दिली. त्यामुळे घरात कुणी ती घेत असेल तर माझा लेख वाचून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. माझा मुद्दा एवढाच, की जाडी आणि आजार ही एकाच नाण्याची दोन नावं नाहीत.

पुण्याजवळची सहा गावं

आता आपल्या काकांकडे येऊ. बारीक माणसाला मधुमेह का?

याचं उत्तर शोधायला लंडनला जायची गरज पडली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. गरोदर होण्याआधीपासून बायकांची मापं घेतली, खाणं लिहून ठेवलं, बाळं जन्मली तेव्हा त्यांची मापं घेतली. त्या आयांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. शेतात काम करणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बायका. आमच्या आजीसारख्याच.

पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान असणार असं कुणालाही वाटेल. पण चिमट्यात कातडी धरून मोजलं तेव्हा दिसलं, की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखलेली. पाठीवरची तर सर्वांत जास्त. दिसायला बारीक, आतून चरबीदार. "थिन-फॅट" बाळ हे नाव तिथून जगभर गेलं.

याज्ञिकांनी पुढं २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर जुळे भाऊ आणि आतून दोन वेगळी माणसं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी वेगळ्या रेषा आखल्या त्या याच कारणानं. जगासाठी जादा वजन बीएमआय २५ पासून सुरू होतं, आपल्यासाठी २३ पासून.

या अभ्यासातली सर्वांत टोचणारी गोष्ट पुढे आहे. त्या आयांपैकी दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. फोलेट वाईट नाही, गरोदरपणात ते लागतंच. पण जोडीला ब-१२ हवं.

याचा बांधावरच्या माणसाशी संबंध काय? ब-१२ आणि फोलेट मिळून शरीराला छोट्या रासायनिक खुणा पुरवतात. त्या डीएनएवर चिकटतात. जिथं खूण दाट, तिथं जनुक बहुधा बंद राहतं. म्हणजे बांधाचं कुठलं तोंड दगड लावून बुजवायचं, हे काही अंशी आईच्या ताटावर ठरू शकतं. अमेरिकेत २००३ मध्ये उंदरांवर हे स्पष्ट दिसलं. गाभण माद्यांना फोलेट आणि ब-१२ असलेला जादा खुराक दिला, तर पिल्लांच्या केसांचा रंगच बदलला, जनुकं तीच असताना! माणूस उंदीर नाही, हे खरं. पण सहा गावांतली मुलं काय सांगतात, तेही आपण ऐकलंय.

म्हणून मला वाटतं, आमच्या काकांची साखर गिरगावच्या वडापावनं सुरू झाली नसावी. वडापावनं ती वाढवली असेल. पण सुरुवात बहुधा डोंगरावरच्या त्या घरात झाली, जिथं त्यांची आई सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरीवर मीठ-मिरची घेऊन जेवायची.

मग जनुकांची टेस्ट करू का?

मुंबईत मला एका जिममध्ये सांगण्यात आलं, "सर, डीएनए टेस्ट करा, तुमच्या जनुकांप्रमाणे डाएट देऊ." आकडा ऐकला तर माझ्या महिन्याच्या खोलीभाड्याहून जास्त. तुम्हालाही कुणीतरी हे विकणार आहे, म्हणून सांगतो.

लठ्ठपणाशी जोडलेलं सर्वांत गाजलेलं जनुक एफटीओ. ते २००७ मध्ये सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची "वाईट" प्रत आली असेल, तर माणूस इतरांपेक्षा सरासरी किती जड असतो? सुमारे तीन किलो. बस्स! २०१५ मध्ये त्याचं कामही उलगडलं. त्या जागी एक प्रथिन बसून बांधाचं तोंड बंद ठेवत असतं. डीएनएतलं एक अक्षर बदललं की त्याला बसता येत नाही. मग आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ ही जनुकं जास्त चालतात आणि चरबी जाळून उष्णता देऊ शकणारी पेशी साठवणारी पेशी होते. आणि दोन लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०११ मध्ये दिसलं, की अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये या जनुकाचा परिणाम सुमारे पाव हिश्शानं कमी होतो.

म्हणजे जनुक खरं, पण ते कपाळावरचं लिखित नाही. आणि चालणं फुकट आहे, त्याला टेस्ट लागत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकून घेऊ. काही जण म्हणतील, "हे सगळं सांगून तुम्ही आळशी लोकांना सबब देताय. प्रथिनांवर ढकलायचं आणि समोसे खायचे." मला उलट वाटतं. सबब तेव्हा मिळते, जेव्हा आपण माणसाला नुसतं लाजवतो आणि काय चाललंय ते सांगत नाही. स्वीडनमध्ये २००८ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की मोठेपणी चरबीपेशींची संख्या फारशी बदलत नाही. ती बालपणात आणि किशोरवयात ठरते. दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. वजन खूप उतरलं तरी पेशी रिकाम्या होतात, संख्या तेवढीच राहते. म्हणून महिनाभर उपाशी राहून उतरवलेलं वजन परत येतं तेव्हा तुमची इच्छाशक्ती कमी पडली असं नाही, कोठार वाट बघत असतं. हे ज्याला कळलं, तो क्रॅश डाएटच्या नादी लागत नाही. तो लहान, टिकणाऱ्या सवयी धरतो. आणि घरातल्या दहा-बारा वर्षांच्या भावंडाच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली बाजूला ठेवतो, कारण कोठार बांधायचं वय त्याचं आहे.

तुमच्या हातात काय आहे?

पहिलं, एक शिंप्याचा टेप घ्या. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही इशाऱ्याची रेषा मानतात. वजनकाट्यापेक्षा हा टेप खरं बोलतो.

दुसरं, आईवडील, काका, आत्या यांपैकी कुणाला साखर असेल, तर "मी बारीक आहे" म्हणून सुटका नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर साखर, रक्तदाब तपासतात. घरात इतिहास असेल तर तिशीची वाट बघू नका, पंचविशीतच रक्त द्या. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासातून आला. त्यात आपल्या घरची माणसं आहेत.

तिसरं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. घरातल्या मुलींचं ताट बघा. पुण्याच्या त्याच गावांत जन्मलेली बाळं मोठी झाल्यावर २०१२ मध्ये 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. त्या मुलामुलींना किशोरवयातच, लग्नाच्या आणि मुलाच्या खूप आधी, ब-१२ द्यायला सुरुवात केली. विचार साधा आहे, की नातवंडांची तब्येत सुधारायची तर आजच्या सतरा वर्षांच्या मुलीपासून सुरुवात करावी लागते. डोहाळजेवणाला ओटी भरून उपयोग नाही, तोवर उशीर झालेला असतो. आपण नाचणीचं कौतुक करतो, करायलाच हवं. पण नाचणीत, वरीत, भाजीत ब-१२ नसतं. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मासळीत, मटणात असतं. घरात अंडी आणली आणि ती "कामावर जाणाऱ्या" भावाच्या ताटात गेली, सुकटीच्या कालवणातली सुकट पुरुषांच्या वाटीत आणि पाणी बहिणीच्या, तर आपण पुढच्या पिढीच्या बांधाची तोंडं आजच बुजवतोय. घर शाकाहारी असेल, दूधही जेमतेम येत असेल, तर ब-१२ ची गोळी स्वस्त मिळते. डॉक्टरांना विचारा.

चौथं, जीभ आवरा. कुणाच्या अंगावर बोलण्याआधी लक्षात ठेवा, त्या शरीराचा हिशेब तुम्हाला दिसत नाही. त्याच्या आईनं काय खाल्लं, कुठलं प्रथिन कुठं बसलं, कोठार किती मोठं, हे नजरेला कळत नाही.

या मे महिन्यात मी कुडपणला टेप घेऊन जाणार आहे. "लय सुटलास की" असं कुणी म्हणालं, तर आधी त्यांचीच कंबर मोजणार. चुलती हसेल, म्हणेल, "मला काय होतंय रं, मी तर काडी." तिला मी पहिल्या रांगेत उभी करणार आहे. आणि रात्री पंगत बसली की तिला आमच्याबरोबर ताटावर बसवणार, शेवटी नाही. तुम्ही तुमच्या गावाला काय नेणार आहात?